अकरावीला आयटी की मराठी? "मराठी घेणारा वेडा" म्हणणाऱ्यांना उत्तर

वर्गातली_बाई
काल इथे एका पालकांनी लिहिलं, "सायन्सला मराठी घेणं म्हणजे हातचे मार्क घालवणं. आयटी घ्या, ऑनलाइन पेपर असतो, नव्वद कुठे गेले नाहीत. मराठी घेणाऱ्याला वेडाच म्हणायचं." खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात. अकरावी-बारावीला दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घेता येतं, त्यावरून हा वाद. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, तेव्हा यात माझा स्वार्थ काढणारे काढतीलच. खुशाल काढा, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या.

ते नव्वद मार्क नेऊन कुठे जमा करणार आहात? राज्यातल्या इंजिनिअरिंगची यादी सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. २०० मार्कांचा पेपर, त्यात गणिताचे १००, फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५०. बारावीचं काम पात्रतेपुरतं, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०, तेही ग्रुपच्या, म्हणजे प्रवेशासाठी धरलेल्या तीन विषयांत. मेडिकलला नीट, ७२० पैकी ३६० एकट्या बायोचे. या याद्यांत आयटीचे ९५ कोणी विचारत नाही आणि मराठीचे ७० पण कोणी विचारत नाही. मग निवड मार्कांवर का करायची? जे पुढे हाताशी राहील ते घ्या.

बारावीच्या युवकभारतीत, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकात, आता मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख आहेत. अकरावीला मुद्रितशोधन आणि अनुवाद. "मराठी म्हणजे कवितेचा आशय आणि पाठांतर" म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही. माझा एक जुना विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता आहे. पुलाचं डिझाइन त्याला येतं. पण पुलाचा कठडा वाहून गेला तेव्हा फाइलवर मराठीत टिपणी लिहायची होती. पाहणी कधी केली, काय दिसलं, जबाबदारी कोणाची, तातडीने काय करायला हवं. चार परिच्छेदांच्या त्या टिपणीसाठी त्याने मला रात्री फोन केला. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, सरकारी फाइल मराठीतच चालते. त्याने बारावीला आयटी घेतलं होतं.

२०२० च्या कायद्याने दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली, ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आणि अकरावीच्या फॉर्मवर पहिली काट मराठीवरच मारतो.

कल्याणकर_बाबा
मॅडम, सगळी पोरं सायन्सला नसतात. माझी मुलगी कॉमर्सची. बी.कॉम.ची मेरिट लिस्ट आजही बारावीच्या टक्क्यांवर लागते, सहा विषय, ६०० मार्क. हिला आयटीत ९६, हिच्या मैत्रिणीला मराठीत ७१. बाकी पेपर दोघींचे सारखेच. फरक २५ मार्कांचा, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. हिचं नाव पहिल्या यादीत आलं, मैत्रीण तिसऱ्या यादीपर्यंत थांबली आणि शेवटी लांबचं कॉलेज घेतलं. तिच्या आईला सांगा जाऊन, की मार्क कुठे जमा होत नाहीत.

वर्गातली_बाई
कॉमर्सचं मान्य. मी सायन्सबद्दल लिहिलं होतं, कारण मूळ पोस्टही सायन्सचीच होती. पण त्या मैत्रिणीला ७१ का मिळाले, हेही विचारा. आमच्या पेपर तपासणीत भाषेला हात आखडून मार्क देण्याची जुनी खोड आहे. ती तपासणाऱ्यांची खोड आहे, विषयाची नव्हे.

रांगेतला_पालक
सायन्सचंही पूर्ण खरं नाही. एनआयटीसाठी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांसाठी, बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. त्यात पाच विषय धरतात: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, एक भाषा आणि आणखी एक. भाषा इंग्रजीने भागते. पाचव्या जागी आयटीचे ९५ असले की फिजिक्सला ६२ पडलेला पोरगा तरतो. आमचा असाच तरला. जेईईचा रँक असूनही बारावीच्या टक्क्यांमुळे जागा जाणं काय असतं, ते ज्याच्या घरात घडलंय त्याला विचारा.

लॅबवाली
मी आयटी शिकवते, आणि इथे दोन्ही बाजूंनी माझ्या विषयाला "फुकटचे मार्क" म्हटलं जातंय, म्हणून बोलते. बारावी सायन्सच्या पुस्तकात एचटीएमएल ५, जावास्क्रिप्ट, पीएचपी, एसईओ, ई-कॉमर्स आणि ई-गव्हर्नन्स आहे. अकरावीला डेटाबेस आणि सायबर कायदा. शेवटच्या बाकावरच्या मुलीने फॉर्ममध्ये रिकामं नाव टाकलं तर चूक दाखवणारा कोड स्वतः लिहिला आणि तो चालला, तेव्हा तिचा चेहरा मी पाहिलाय. ते फुकट नव्हतं.

मार्क कुठे जमा होतात म्हणता ना? इंजिनिअरिंगच्या पात्रतेत फिजिक्स आणि गणित सक्तीचं. तिसरा विषय केमिस्ट्रीच हवा असं नाही. आयटीसुद्धा चालतं. केमिस्ट्रीत कसाबसा पास झालेला मुलगा आयटीच्या जोरावर ४५ टक्के गाठतो. हे काम मराठी करू शकत नाही.

आणि मराठीच्या मॅडम, तुमचं पद अनुदानित. आयटीचे आम्ही कित्येक जण वर्षानुवर्षं विनाअनुदानित तत्त्वावर राबलो, मुलांच्या फीतून जे मिळेल ते घेऊन. तुकडीतली मुलं आयटीकडे वळली की कार्यभार, म्हणजे तासांची संख्या, तुमचा कमी होतो, तेव्हाच तुम्हाला भाषा आठवते.

वर्गातली_बाई
कार्यभाराचा मुद्दा येणार हे माहीत होतं. हो, तुकडी बंद पडली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि तालुक्याच्या गावाहून त्याची रवानगी कुठल्या कुठे होते. त्याला पोटाची काळजी नसावी काय? तुम्हाला पगार नाही हा अन्याय आहे, त्यासाठी मी तुमच्याबरोबर मोर्चात चालेन. पण तुमच्या पगाराचा प्रश्न माझ्या मुलांनी मराठी सोडून सुटणार नाही. केमिस्ट्रीच्या जागी आयटी चालतं हा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर मला बोलायचं नाही.

टायअपमधला
तुमचं चाललंय त्याला काही अर्थ नाही. निवड करतोय कोण? मी इंटिग्रेटेडला होतो, म्हणजे क्लास आणि कॉलेजचं टायअप: नाव कॉलेजात, शिकणं क्लासात. क्लास शहरात, कॉलेज साठेक किलोमीटरवर. फॉर्म क्लासवाल्यांनी भरला, विषयाच्या रकान्यात आधीच आयटी लिहिलेलं. का, तर मराठीला लिहायचा सराव लागतो, त्यात क्लासचा वेळ जातो. दोन वर्षांत आयटीच्या लॅबचं दार मी प्रॅक्टिकलच्या दिवशी पाहिलं. लॅबवाली मॅडम, तुमचा विषय चांगला असेल, आम्हाला तो कोणी शिकवलाच नाही. फाइल एकाने लिहिली, बाकीच्यांनी उतरवली.

लॅबवाली
हे वाचून जीव जळतो. याच मुलांमुळे आमच्या विषयाला "स्कोअरिंग" हे नाव पडलं.

रांगेतला_पालक
इंटिग्रेटेडला नावं ठेवणं सोपं आहे. कॉलेजात तास होत असते तर आम्ही लाखभर रुपये क्लासला कशाला भरले असते? माझा मुलगा सकाळी सातला निघून रात्री नऊला घरी यायचा. त्यात कॉलेजच्या हजेरीसाठी आणखी चार तास कुठून आणायचे?

वर्गातली_बाई
आमच्या कॉलेजात तास होतात. मी रोज घेते. पहिल्या बाकावर तीन मुली असतात, बाकी वर्ग रिकामा. तुम्ही मुलं पाठवत नाही आणि मग म्हणता तास होत नाहीत.

रांगेतला_पालक
तुम्ही घेत असाल. मी ज्या कॉलेजचा दाखला देतोय तिथे फिजिक्सची जागा दीड वर्ष रिकामी होती. तुमच्या एका वर्गावरून सगळ्या महाराष्ट्राला शिकवू नका.

टायअपमधला
काका, तुमच्या मुलाचा नंबर लागला म्हणून तुम्हाला ते बरोबर वाटतंय. आमच्या बॅचच्या बहुतेकांचा लागला नाही. आता त्यांच्याकडे एनआयटीही नाही आणि एक धड अर्ज लिहायची सवयही नाही.

रांगेतला_पालक
तुझा राग क्लासवर आहे, तो माझ्यावर काढू नकोस. माझा मुलगा घासून अभ्यास करून गेलाय.

कल्याणकर_बाबा
२०१८ मध्ये सरकारने ज्युनिअर कॉलेजला सायन्ससाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढलाच होता ना? टायअप मोडण्यासाठीच. टायअप मोडलं का? नाही.

सातबारा_वाचणारा
विषय भरकटलाय, तरी माझं ऐका. मी तीन वर्षं सरळसेवेच्या, म्हणजे थेट सरकारी भरतीच्या, परीक्षा देतोय. तलाठीच्या पेपरला २०० मार्क, त्यात ५० मराठीचे. पोलीस भरतीलाही मराठी व्याकरण आहे. राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत मराठीच्या ३०० मार्कांच्या पेपरात पात्र व्हावंच लागतं. अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारे निम्मे इंजिनिअर आहेत, आणि पंचविशीत समास-प्रयोग पहिल्यापासून पाठ करतायत. बारावीला ज्याला "वेळ वाचवला" म्हणाले, तो वेळ आता व्याजासकट जातोय. आयटी वाईट असं मी म्हणत नाही. पण इंजिनिअरिंग झालं की नोकरी लागतेच, हे धरून चालणाऱ्या पालकांनी एकदा पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत चक्कर मारावी.

कल्याणकर_बाबा
हा मुद्दा पटला. तरीही आज समोर यादी आहे, स्पर्धा परीक्षा पाच वर्षांनी. बाप आधी यादी बघतो.

यंदा_अकरावी
सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. मला सोमवारी फॉर्म द्यायचाय. सेमी-इंग्रजीतून दहावी, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) घेतेय, केमिस्ट्री खूप कच्ची आहे. कोडिंग आवडतं, मोबाइलवर थोडं शिकलेय, घरी कॉम्प्युटर नाही. मराठीत दहावीला ८८ होते. काय घेऊ?

वर्गातली_बाई
तू आयटी घे बाळा. मार्कांसाठी नको, तुला त्यात गोडी आहे आणि घरी मशीन नाही म्हणून घे. कॉलेजची लॅब हीच तुझी जागा. केमिस्ट्रीचा धोकाही लॅबवाली मॅडम म्हणतात तसा पात्रतेपुरता कमी होईल, पण सीईटीत तिचे ५० मार्क आहेतच, ती सोडू नकोस. आणि युवकभारती बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. अहवाल आणि मुद्रितशोधन हे दोन पाठ सुट्टीत वाच.

लॅबवाली
फॉर्म देण्याआधी एकदा कॉलेजात जा आणि लॅब उघडून दाखवायला सांग. मशीन किती चालू आहेत, आठवड्याला प्रॅक्टिकल किती होतात, शिकवणारे कोण, हे तिथल्याच बारावीच्या मुलींना विचार. कुलूप दिसलं तर सरळ मराठी घे. तिथे निदान मॅडमसारखं कोणीतरी तास घेत असेल.