‘मी प्रेषित आहे’ म्हणणाऱ्याची परीक्षा घ्यायची की नाही?

जालनेकर (धागाकर्ता):
सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या भागात ख्रिस्ती संजीवन सभांचे (श्रद्धा जागवणाऱ्या प्रार्थनासभांचे) मांडव पडतात. त्याला माझी हरकत नाही, मी स्वतः जातो. पण अलीकडे नावाआधी ‘प्रेषित’, म्हणजे येशूने पाठवलेला, असं लावणारे उपदेशक वाढलेत. ‘देवानं मला दाखवलं’ म्हणून ते कुणाचं लग्न ठरवतात, कुणाची औषधं बंद करायला लावतात. कुणी विचारलं की एकच वचन पुढे करतात: ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’ बायबलातलं स्तोत्र १०५ उघडून बघा. तिथे देव राजांना ताकीद देतो, अब्राहामाच्या वंशाला उपद्रव करू नका म्हणून. प्रश्न विचारू नका असं त्यात कुठेही नाही.

उलट प्रकटीकरण २:२ मध्ये इफिस शहरातल्या मंडळीला (चर्चला) शाबासकी आहे, ती स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना खोटं ठरवलं म्हणूनच. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी बारा प्रेषितांत माणूस निवडताना त्यांच्यातल्या पेत्राने अट घातली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूला वर घेतलं जाईपर्यंत जो आपल्याबरोबर होता, त्यांच्यातलाच हवा. ती अट आज कोण पुरी करणार? इथे बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणाऱ्या नारायण शेषाद्रींनासुद्धा आम्ही रेव्हरंडच म्हणतो.

ज्याला परीक्षाच नको, त्याचा दावा तिथेच पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

बीडची साक्ष:
दादा, ही अट लावायलात तर येशूनंतर प्रेषित झालेला पौलसुद्धा बाद होतोय. तो कुठं होता येशूबरोबर गालीलात? पौलाचा सोबती बर्णबा, त्यालाही प्रेषित म्हटलंय, प्रेषितांची कृत्ये १४:१४. इफिसकरांस ४:११ मध्ये ख्रिस्तानं मंडळीला प्रेषित दिले, संदेष्टे दिले, असं लिहिलंय. ते देणं बंद झालं असं कुठं लिहिलंय, दाखवा.

अन् परीक्षा म्हणाल तर संदेष्टा योना ४० दिवसांत निनवे शहर उलथेल म्हणाला. उलथली का? मग योना खोटा? आमच्या घरातली दारू एका अशाच सभेत सुटली. ते फळ मी डोळ्यांनी बघितलंय, त्याला काय म्हणायचं?

जालनेकर:
ताई, तुमच्या घरातलं चांगलं झालं ते देवाचंच, त्यावर माझा वाद नाही. पण बर्णबाचं पूर्ण वाचा. अंत्युखियाच्या मंडळीने हात ठेवून त्याला पाठवलं, आणि परत आल्यावर त्याने अन् पौलाने सगळी मंडळी जमवून काय घडलं ते सांगितलं. पाठवणारे होते, हिशेब विचारणारे होते. आपल्याकडे मांडवात येणाऱ्यांना कुणी पाठवलं?

योनाचा मुद्दा मात्र जड आहे. यिर्मया १८ त्याचं उत्तर देतो: राष्ट्र वाईट मार्गापासून फिरलं तर देवही अरिष्ट आणत नाही, आणि निनवे फिरली. पण त्याच यिर्मयाच्या २८व्या अध्यायातला संदेष्टा हनन्या बघा. दोन वर्षांत बाबेलच्या राजाची सत्ता, त्याचं जू, मोडेल असं तो सगळ्यांसमोर बोलला. मुदत दिली म्हणून खोटा ठरला. आजचे लोक मुदतच देत नाहीत. ‘तुझ्या घरात कुणीतरी आजारी आहे’ हे कुठल्याही गावात खरं निघतं.

छावणीतला कॅथोलिक, संभाजीनगर:
वचनाला वचन भिडवून हा वाद मिटणार नाही, कारण दोघांकडे पुस्तक एकच आहे. दुसऱ्या शतकातही हेच झालं. ‘आम्हाला गुप्त ज्ञान मिळालंय’ म्हणणाऱ्या पंथांना बिशप इरेनियसने इ.स. १८०च्या सुमारास विचारलं: तुमची शिकवण कुणाकडून आली, साखळी दाखवा. त्याने रोमच्या बिशपांची नावं लिनसपासून ओळीने मांडली. परीक्षा घेणारं कुणीतरी नेमलेलं लागतं. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या मुलीला मरियेचं दर्शन झालं. बिशपांनी चौकशी करून निर्णय दिला १८६२ मध्ये. आणि मान्यता मिळाली तरी खाजगी दर्शनावर विश्वास ठेवणं सक्तीचं नसतं. मांडवातल्या माणसाला चार वर्षं थांबायची तयारी आहे का?

जालनेकर:
थांबण्याची शिस्त आम्ही घ्यावी, हे मान्य. पण साखळीने खुर्चीवर कोण बसलं ते कळतं, तो बोलला ते खरं की नाही ते कळत नाही. अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौल त्याच्या तोंडावर बोलला, आणि हे जिथे सांगितलंय त्याच गलतीकरांच्या पत्रात लिहितो की आम्ही किंवा स्वर्गातल्या देवदूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी तो शापित असो. म्हणजे पौलाने स्वतःलाही सोडलेलं नाही.

नांदेडचा बौद्ध:
मी बाहेरचा, म्हणून विचारतो. तुम्ही तिघेही एकाच पुस्तकातली मापं वापरताय. त्या मापांची परीक्षा कशावर? दिमिष्काच्या वाटेवर पौलाला येशूचं दर्शन झालं, तेव्हा त्याच्याबरोबर होते त्यांनी वाणी ऐकली पण कुणी दिसलं नाही, असं कृत्ये ९ सांगतं. कृत्ये २२ मध्ये त्यांना प्रकाश दिसला पण वाणी ऐकू आली नाही. आमच्याकडे केसपुत्तच्या कालाम लोकांनी बुद्धाला हेच विचारलं होतं: येणारा प्रत्येकजण आपलंच खरं म्हणतो, मानायचं कुणाचं? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे बुद्धाचं उत्तर.

जालनेकर:
भाऊ, रास्त प्रश्न आहे. म्हणूनच मला १ करिंथ १५ महत्त्वाचं वाटतं. तिथे पौल पुन्हा उठलेला येशू फक्त ‘मला दिसला’ म्हणून थांबत नाही. केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत, असं सांगतो. घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आतलं हे पत्र. हयात आहेत म्हणजे जाऊन विचारता येतं.

नांदेडचा बौद्ध:
करिंथहून यरुशलेमला जाऊन कुणी विचारलं, त्याची नोंद दाखवा. पाचशेंपैकी एकाचाही स्वतःचा जबाब नाही. जे आहे ते पौलाच्या हातचं.

बीडची साक्ष:
ते मोठं राहू द्या. आमच्याकडे पुढच्या महिन्यात सभा आहे. परीक्षा घ्यायची म्हणता तर विचारायचं तरी काय?

जालनेकर:
ताई, १ करिंथ १४:२९: दोघा-तिघांनी बोलावं, इतरांनी पारख करावी. तोच माईक मंडळीतल्या दोघांना द्यायला लावा. तुम्हाला कुणी पाठवलं, दानाचा हिशेब कुणाला देता, मागच्या गावात जे सांगितलं त्याचं काय झालं, हे विचारा. औषध सोडायला सांगितलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू देऊ नका.