पाळक हा मंडळीचा नोकर आहे का? मनापासून बोला

कळव्याचा मेंबर
सगळ्यांना जय ख्रिस्त. बरेच दिवस मनात साचलंय ते लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, ठाण्यात, मराठी उपासना, साडेनऊची. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर अंगणात चहाच्या टेबलाजवळ उभा होतो आणि तिथे पंधरा मिनिटं नुसता पाळकसाहेबांच्या संदेशाचा पंचनामा चालला होता. लांबलाच फार, तोच दाखला परत दिला, आधीचे साहेब बोलायचे तेव्हा डोळ्यात पाणी यायचं, ह्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतच नाही. आणि दोन हातांवर साहेबांची मुलगी रिकामे कप गोळा करत होती, सातवी आठवीतली असेल, तिने सगळं ऐकलं. मान खाली घालून कप उचलत राहिली. मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं, नाही बोललो, तेच आठवडाभर टोचतंय.

संदेश कशावर होता माहितीये का? शेजाऱ्याशी अबोला धरण्यावर. त्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या दोन घरांमध्ये जागेवरून तीन वर्षं बोलणं नाही, पण त्यावर एक शब्द नाही, चर्चा फक्त आवाजाची.

बायबलमध्ये यहेज्केल ३३ च्या शेवटी हेच आहे. लोक भिंतीपाशी, दारापाशी उभे राहून संदेष्ट्याबद्दल बोलतात, चला ऐकायला जाऊ म्हणतात, समोर येऊन बसतात पण, आणि तो त्यांना गोड गळ्याने गाणाऱ्यासारखा वाटतो. ऐकतात आणि करत काहीच नाहीत. मला वाटतं आपण पाळकाला एकतर डोक्यावर घेतो नाहीतर पगारी माणसासारखं वागवतो, आणि दोन्हीत त्याने आणलेल्या वचनापासून आपली सुटका होते. मी चार वर्षं कमिटीवर खजिनदार होतो, पाळकाच्या भत्त्याचा विषय निघाला की मिटिंगमध्ये कसे चेहरे होतात ते मी बघितलंय. तुमच्याकडे काय परिस्थिती?

वाशीवाले काका
दादा, तुमचं दुःख समजलं, पण नाण्याची दुसरी बाजू पण बघा. मी ज्या मंडळीत आधी होतो तिथे छपरासाठी पैसे गोळा झाले, आम्ही नोकरदार लोकांनी बोनसमधून दिले, आणि पुढे तीन वर्षं हिशोब नाही. वार्षिक सभेत मी नम्रपणे विचारलं तर पुढच्याच रविवारी पुलपिटावरून स्तोत्र १०५, माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवाने निवडलेल्यांना, हात लावू नका. सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघत होती. माझी बायको त्यानंतर दोन महिने उपासनेला आली नाही.

आता ते स्तोत्र पूर्ण वाचा ना. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, थोडकी माणसं, परक्या मुलखात ह्या गावाहून त्या गावाला भटकणारी, आणि देव राजांना दम देतोय की ह्यांना त्रास देऊ नका. म्हणजे ज्याच्या हातात काही नाही त्याच्यासाठीचं संरक्षण आहे ते. तिजोरीची चावी ज्याच्याकडे आहे त्याने ते स्वतःसाठी कसं काय वापरायचं? बिरुया गावातल्या लोकांनी तर पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून तपासलं आणि प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये त्यांचं कौतुक केलंय. तपासणं म्हणजे अपमान नाही.

नेरुळची ताई
काका, हिशोब मागायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण मला सांगा, तुमच्या वार्षिक सभेत पाळकाच्या बायकोचा हिशोब कोण करतं? आमच्याकडे बाईंनी महिला मंडळ चालवायचं, संडे स्कूल बघायचं, दफनाच्या घरी भाकरी पोचवायची, नाताळचं नाटक बसवायचं, आणि हे सगळं फुकट, कारण एकाला ठेवलं की दोघं मिळतात असा सगळ्यांचा हिशोब. त्यांनी शाळेत नोकरी धरली तर लगेच कुजबुज, मंडळीकडे लक्ष नाही. न धरली तर मुलांची फी कुठून येणार हे कुणी विचारत नाही. बाई नवी साडी नेसून आल्या की आमच्यातल्याच बायका विचारतात कुणी दिली. मी पण एकदा विचारलंय. आता लाज वाटते.

पुण्यात शिकलेला, आता ऐरोली
इथे थोडा इतिहास घालतो, कारण हे आजचं नाही.

आपल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये पगाराचा प्रश्न मुळापासूनच वाकडा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ ला मुंबईत उतरले, नगरचं काम १८३१ पासून, आणि त्या कामाला पैसा बोस्टनच्या बोर्डाकडून यायचा. पुढे कितीतरी वर्षं उपदेशकाचं पोट मिशनच्या पैशावर चाललं. चांगल्या हेतूने झालं सगळं, पण आपल्या आजा-पणजांना कधी वाटलंच नाही की हा माणूस आपण पोसायचा आहे. मिशन देईल ही सवय लागली. मिशनरी गेले, १९७० ला नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, पण सवय तिथेच राहिली, फक्त मिशनच्या जागी आता लोक डायोसिस, म्हणजे बिशपचा प्रांत, म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ च्या सुमाराला मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तेव्हा त्यांना हीच परकेपणाची गाठ सोडवायची होती असं मला वाटतं. दोन वर्षांत ते गेले, गाठ राहिली.

आणि मंडळ्या पाळकाशी कशा वागतात ह्याबद्दल म्हणाल तर जोनाथन एडवर्ड्सचं बघा. अमेरिकेतला एवढा मोठा उपदेशक, नॉर्थॅम्प्टनच्या मंडळीत वीसेक वर्षं सेवा, तिथली मोठी धर्मजागृती त्याच्याच हाताखाली झालेली. प्रभुभोजनाला कोण बसू शकतं ह्यावर त्याने कडक भूमिका घेतली आणि १७५० ला मंडळीने मतदान करून त्याला काढलं, दोनशेच्या वर मतं विरोधात, बाजूने फक्त २३. पुढची गोष्ट मला जास्त लागते. नवा पाळक मिळेना तेव्हा त्याच लोकांनी त्यालाच रविवारी संदेश द्यायला बोलावलं, आणि तो गेला.

केंब्रिजच्या चार्ल्स सिमियनचं तर अजून वाईट. १७८२ ला नेमणूक झाली, मंडळीला दुसराच माणूस हवा होता, म्हणून लोकांनी आपापल्या दारं असलेल्या बाकांना कुलूपं लावली आणि स्वतः आले नाहीत. जे ऐकायला यायचे ते वर्षानुवर्षं मधल्या वाटेत उभे राहून ऐकायचे. त्याने स्वतःच्या पैशाने बाकं आणून टाकली तर ती बाहेर फेकली. तो हलला नाही, १८३६ ला वारला तेव्हा तिथेच होता, ५४ वर्षं. बायबलचं भाषांतर करणारा हेन्री मार्टिन त्याच्याच हाताखाली तयार होऊन आपल्या देशात आला. कुलूप लावणाऱ्यांना वाटलं असेल आपण मंडळीचं भलं करतोय.

वाशीवाले काका
ऐरोली भाऊ, माहिती चांगली दिलीत, पण ही सगळी उदाहरणं चांगल्या पाळकांची आणि वाईट मंडळ्यांची आहेत. उलटी उदाहरणं पण असतात ना. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस आहे, त्याला पुढेपुढे करायची हौस, बंधूंना स्वीकारत नाही आणि जे स्वीकारतात त्यांना मंडळीतून घालवतो. तो खुर्चीतलाच माणूस होता. प्रत्येक छळलेला पाळक सिमियन नसतो.

ठाणे कॅथलिक
आम्ही तुमच्या बाहेरचे, तरी लिहितो. आमच्याकडे फादरांची काही वर्षांनी बदली होते, नेमणूक बिशपकडून, मतदान वगैरे काही नाही. त्यामुळे हा आमचा माणूस, तो त्यांचा असे गट कमी पडतात. पॅरिशला आर्थिक समिती असणं कॅनन लॉ, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे सक्तीचं आहे, त्यामुळे वाशीच्या काकांसारखा प्रश्न विचारायला निदान एक जागा असते. पण खरं सांगू का, आमच्याकडे उलटा रोग आहे. फादर म्हटल्यावर बोलायचंच नाही. माझी आई फादर घरी आले की खुर्ची पुसून देते आणि ते गेल्यावर मिस्सामधलं प्रवचन काय होतं ते तिला सांगता येत नाही. आदर आहे, पण ऐकणं नाही. आणि संध्याकाळी त्या बंगल्यात म्हातारे फादर एकटे जेवतात, त्यांना जेवायला बोलवावं असं कुणाला सुचत नाही, कारण ते आपल्यासारखे माणूस आहेत हेच डोक्यात येत नाही.

घोडबंदर यूथ
आमची फेलोशिप शाळेच्या हॉलमध्ये भरते, मी तिथेच प्रभूकडे आलो. सॉरी पण मला ही चर्चा जरा निगेटिव्ह वाटतेय. आमचे पास्टर बोलतात तेव्हा हॉल उभा राहतो, टाळ्या, आमेन, मी त्यांचे सगळे मेसेज मोबाईलवर परत ऐकतो, ट्रेनमध्ये पण. दारूचं घर होतं आमचं, ह्या माणसाने रात्री दोनला येऊन बाबांना उचललंय. त्यांच्याबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही. देवाने पाठवलेल्या माणसाला मान दिला तर काय चुकलं?

पुण्यात शिकलेला, आता ऐरोली
भावा, काहीच चुकलं नाही, आणि तुझ्या घरासाठी देवाचे आभार. फक्त एक गोष्ट. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम म्हणून उपदेशक होता, लोक त्याला सुवर्णमुखी म्हणायचे, चर्चमध्ये त्याच्या प्रवचनाला टाळ्या पडायच्या. तो त्यांना सांगायचा की टाळ्या मला नकोत, जे ऐकलं ते घरी जाऊन करा. पुढे राजदरबाराने त्याला हद्दपार केलं आणि तो तिकडेच ४०७ ला वारला. प्रेषितांची कृत्ये १४ मध्ये लुस्त्र गावात पण बघ, पौल आणि बर्णबाला आधी देव म्हणून बैल कापायला निघाले आणि त्याच अध्यायात पौलाला दगडमार. तुझ्या पास्टरांवर प्रेम कर, पण त्यांना चुकायची मुभा ठेव, नाहीतर ज्या दिवशी ते थकलेले दिसतील त्या दिवशी तुझाच विश्वास ढळेल.

पाळकाची मुलगी, कोपरखैरणे
मी कधी लिहीत नाही, पण पहिल्या पोस्टमधल्या त्या कप उचलणाऱ्या मुलीमुळे लिहिते. ती मी होते. म्हणजे तीच नाही, माझं लहानपण दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, पण तेच.

माझे पप्पा शनिवारी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून संदेश लिहायचे कारण दुसरीकडे उजेड नव्हता. मध्येच दार वाजायचं, कुणाचं पोर आजारी, कुणाचं नवराबायकोचं भांडण, पप्पा शर्ट घालून निघायचे, परत आल्यावर दोन वाजता परत लिहायला बसायचे. आणि सकाळी कुणीतरी म्हणायचं आज तयारी कमी होती. आम्ही भावंडं हे ऐकायचो आणि घरी सांगायचो नाही. मंडळीतली माणसं वाईट नव्हती. ज्या काकांनी पप्पांविरुद्ध सह्या गोळा केल्या त्यांनीच माझ्या ऑपरेशनला रक्त दिलं. हे दोन्ही माझ्या डोक्यात अजून एकत्र बसत नाही.

वाशीच्या काकांना एक सांगते. पप्पांना हिशोब विचारणारे आवडायचे. खरंच. वही ते स्वतः पुढे करायचे. त्यांना झोप लागायची नाही ती पाठीमागे बोलणाऱ्यांमुळे.

वाशीवाले काका
मुली, तुझं वाचून थांबलो थोडा वेळ. माझं मत हिशोबाबद्दल तेच आहे आणि राहील. १ तीमथ्य ५ मध्ये दोन्ही शेजारी शेजारीच आहे बघ, चांगली सेवा करणारे वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, दुप्पट मानाला योग्य, मळणीच्या बैलाला मुसकं घालू नको, दोन-तीन साक्षी असल्याशिवाय वडिलावर आरोप दाखल करून घेऊ नको, आणि जे पाप करतात त्यांना सगळ्यांसमोर दोष लाव. आम्ही लोक आपल्याला हवी ती ओळ उचलतो. मी शेवटची उचलली होती. पण त्या सभेत विचारण्याआधी मी पाळकांच्या घरी जाऊन एकट्याने विचारलं होतं का? नाही. फोन पण केला नव्हता.

कळव्याचा मेंबर
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मी आणि मिसेस पाळकसाहेबांकडे गेलो. चहाच्या टेबलाचं काही बोललो नाही. अबोल्यावरच्या संदेशातली एक गोष्ट मला कळली नव्हती ती विचारली, तर साहेब उठून बायबल घेऊन आले आणि आम्ही नऊ वाजेपर्यंत बसलो. निघताना म्हणाले, दोन वर्षांत संदेशाबद्दल प्रश्न घेऊन घरी येणारे तुम्ही पहिले. भत्त्याचा विषय पुढच्या कमिटीत मी लेखी देतोय, वर्षाचा हिशोब बोर्डवर लावायचा मुद्दा पण त्याच अर्जात. मुलगी आतून येऊन मिसेसजवळ बसली होती, गणिताचं पुस्तक घेऊन.