उकळल्यानं नायट्रेट जात नाही

कुणीतरी लिहिलंय की बोअरचं पाणी काचेसारखं नितळ आहे, उकळून प्यायलं की टेस्टची गरज नाही. जंतूंपुरतं ते बरोबर आहे, पण पाण्यात विरघळलेले नायट्रेट आणि फ्लोराइड हे क्षार उकळल्यानं जात नाहीत, उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आणि फ्लोराइडची 1, पाण्याची दुसरी सोयच नसेल तर 1.5. नांदेड जिल्ह्यात किनवटकडं फ्लोराइडनं दात खराब झालेली माणसं आहेत, तिथलं पाणीही नितळच दिसतं. घरात वरच्या दुधावरचं लेकरू असेल तर नायट्रेटचा आकडा बघितल्याशिवाय ते पाणी दुधात घालू नका, प्लीज.

आणि सॅम्पल नीट घ्या. आम्ही पावसाळ्यात हापशाचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून नेलं तर लॅबनं ते जंतूंच्या तपासणीला घेतलंच नाही, त्यासाठी निर्जंतुक बाटली लागते, ती लॅबकडूनच मागून घ्यायची आणि भरली की बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवायची. दुसऱ्यांदा तसं नेलं तर ई कोलाय म्हणजे विष्ठेतले जंतू निघाले, जे 100 मिलिलिटरमध्ये एकही नको. हापशाच्या ओट्याला तडा गेलेला, सांडलेलं घाण पाणी त्यातूनच खाली मुरत होतं.