फिशटँकचं कपाट घरी करताय? मग सनमायका नको, पॉलिश करा

रंधा_ठाणे
घरी फिशटँकचं कपाट करायला घेतलं की सुतार आणि प्लायवाला एकच सांगतात: बाहेरून सनमायका मारा, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. टाकीखालच्या कपाटाला पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच हवं, आतून-बाहेरून, आणि कापलेल्या कडांना तर जास्तीचे हात.

चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी म्हणजे नऊ घनफूट, साधारण २५५ लिटर पाणी. काच, वाळू, दगड धरले की वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. १९ मिमीचं चांगलं प्लाय, मध्ये एक उभी फळी दिली तर, एवढं सहज पेलतं. कपाटाची वाट लागते ती थेंबांनी. पाणी बदलताना नळी ठिबकते, फिल्टरच्या पाइपवरून ओघळ उतरतो आणि प्लायच्या उघड्या कडेतून आत शिरतो. सनमायकाच्या मागे तो कोंडून राहतो, वरून सगळं चकाचक. पॉलिशखाली लाकूड काळवंडू लागलं की लगेच दिसतं. तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासून, वाळवून पुन्हा हात मारता येतो.

टाकीवाली_चिपळूण
दादा, हे कोकणात जुलैमध्ये करून बघा. दमट हवेत मेलामाइन पॉलिश पांढरट पडतं आणि दोन भागांचं पीयू ओल लागली की बुडबुडे धरतं. घरी ब्रशने करणाऱ्याला ते साधत नाही. सनमायकातून पाणी जात नाही, तुमचं खरं भांडण कडेशी आहे. मग कड नीट करा ना! सागाची पट्टी चिकटवा, पाइपच्या भोकाच्या आतल्या बाजूला इपॉक्सी लावा, सांध्यात सिलिकॉन भरा. शिवाय प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचं, घेतलं तर त्याचा डिंक ७२ तास उकळून तपासलेला असतो. थोड्या ओलीने थर सुटत नाहीत.

रंधा_ठाणे
ताई, ती चाचणी चिकटवणीची आहे. थर सुटले नाहीत तरी सतत ओलं राहिलेलं लाकूड बुरशी धरतं आणि कुजतं. कोंडलेली ओल हाच माझा मुद्दा. आणि पॉलिश पावसाळ्यात करायचंच कशाला? दिवाळीनंतर कोरड्या हवेत करा.

सुतारकाम_नागपूर
दोघंही वरच्या कातडीवर भांडताय. आधी सांगाडा बघा. वरची फळी उभ्या फळ्यांच्या डोक्यावर बसली पाहिजे. उभ्यांच्या मध्ये अडकवून स्क्रूवर टांगली तर सगळं वजन स्क्रूंवर येतं. मागची फळीही महत्त्वाची. पाइप, वायरी काढायला लोक ती पूर्ण उघडी ठेवतात आणि मग कपाट आडवं डोलायला लागतं. हवी तिथे भोकं पाडा, फळी काढू नका. काही जण हौसेने वर अखंड सागाची रुंद फळी टाकतात. आमच्याकडे मे महिन्यातला कोरडेपणा आणि नंतरचा पावसाळा यात ती फुगते, आक्रसते, वाकते आणि तो ताण थेट तळाच्या काचेवर येतो. सागाची चौकट करा, वर प्लायच ठेवा. पाणसळ लावून लेव्हल बघा, त्यावर थर्माकोलची शीट, मग टाकी.

सनमायका लावायचाच असेल तर फळीच्या दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला की फळी बाक धरते, दारं तर नक्कीच.

टाकीवाली_चिपळूण
दोन्ही बाजूंचं अगदी बरोबर, आतून पांढरा सनमायका लावला की गळतीही पटकन दिसते. दादांच्या कोंडलेल्या ओलीवर माझं उत्तर हवा खेळती ठेवणं हे आहे. दाराला जाळी द्या, मागे वर-खाली भोकं ठेवा. बंद कपाटात फिल्टर आणि ओलसर फडकी ठेवलीत तर कुठलंही पॉलिश किती दिवस तग धरणार?

रंधा_ठाणे
जाळी आणि मागची फळी दोन्ही मान्य. सनमायका मात्र नाही. उलट जाळी असली तरी प्लाय आणि सनमायकाच्या मधल्या जागेत हवा पोचत नाही.

मासेप्रेमी_पुणे
जो पॉलिश करेल त्याने एवढं नक्की पाळावं: चालू टाकी असलेल्या खोलीत करू नका. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे थिनरची वाफही माशांपर्यंत जाते. काम गच्चीत किंवा गॅलरीत करा, वास पूर्ण गेल्यावरच कपाट आत आणा. सनमायका चिकटवायच्या सोल्यूशनलाही हेच लागू.