बॅटरी उकळली की डायनमोच का बदलायचा? (जुनी मशीनबोट, 15.6 व्होल्ट)

मशीनबोट_धडगाव
राम राम मंडळी. भांडायलाच धागा काढलाय असं समजा.
नर्मदेचं पाणी, म्हणजे सरदार सरोवराचा फुगवटा, आमच्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात शिरलाय, तिथे माझी एक जुनी फायबरची बोट चालते. भरूचकडून सेकंडहँड आणलेली, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, 12 व्होल्टचं वायरिंग, कटआऊट (रेग्युलेटर हो, बॅटरीला किती व्होल्ट जायचे ते ठरवणारा) डायनमोच्या (म्हणजे अल्टरनेटरच, आम्ही डायनमो म्हणतो) बाहेर वेगळ्या डबीत. माणसं, शेरडं, मे महिन्यात आमचूरची पोती, जे येईल ते नेतो. सव्वा वर्षात दोन बॅटऱ्या उकळून गेल्या. दर आठवड्याला डिस्टिल वॉटर टाकू राहिलो, फळी उचलली की सडक्या अंड्याचा वास. मीटर लावला तर बॅटरीवर 15.6. पाहिजे किती, 14 ते 14.4 च्या आसपास.
पहिल्या मिस्त्रीने बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्याने कटआऊट बदलला, आकडा तोच 15.6. तिसरा म्हणे डायनमो गेला, नवीन टाका. तेव्हा डोकं फिरलं. कटआऊट नवा टाकूनही आकडा जागचा हलत नाही म्हणजे कटआऊट बिचारा त्याचं काम करू राहिला, त्याला कोणीतरी खोटं सांगू राहिलं, एवढं तिघांपैकी एकालाही सुचू नये?
माझं मत: ओव्हरचार्जिंगमध्ये डायनमो सगळ्यात शेवटी बघायचा. पहिले वायरी. बोला.

निवृत्त_वायरमन_भुसावळ
बोलतो. तुझं लॉजिक टेबलावर बरोबर, पाण्यावर चूक. तुझ्या फळीखाली बंद पेटीत बॅटरी उकळते म्हणजे हायड्रोजन निघतो, हवेत 4 टक्के झाला की एका ठिणगीला पेट घेतो, आणि फळीवर बायका-पोरं बसलेली. तिथे तू मीटर घेऊन गुन्ह्याचा तपास करत बसणार? जुनं सगळं काढ, आत रेग्युलेटर असलेला नवा अल्टरनेटर टाक, वायरिंग नवं टाक, मोकळा हो. ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावरून चालत घरी येता येतं. बोटीतून कुठे चालशील?

केळीवाला_रावेर
मनीबी बॅटरी अशीच गयी व्हती भाऊ, ट्रॅक्टरची. एक सेल शॉर्ट होता. तुझीपण बॅटरीच शॉर्ट असेल, ती जास्त करंट ओढते म्हणून उकळते. उगा डायनमोला कशाला बदनाम करता.

फिजिक्सवाली_जळगाव
सेल शॉर्ट झाला तर बॅटरी गरम होते, उकळतेसुद्धा, पण मग व्होल्टेज खाली बसलेलं दिसतं, 15.6 वर चढत नाही. आणि दोन बॅटऱ्या लागोपाठ तशाच निघतील का? यांचं प्रकरण वेगळं आहे.
दादा, दोन रीडिंग द्या. इंजिन 1500 ला आणि 2200 ला, बॅटरीच्या दांड्यांवरच. शिवाय एखादा दिवा लावून. कटआऊट आतून शॉर्ट असेल तर रेस दिली की आकडा चढतच जाईल, 16, 17, कुठेच थांबणार नाही. एका जागी अडकला असेल तर त्याला चुकीचं माप मिळतंय.

मशीनबोट_धडगाव
मॅडम, हेच पाहिजे होतं.
1500 ला 15.6. 2200 ला उलट 15.4. आणि गंमत बघा, पुढचा छोटा दिवा लावला, एक अँपियर खाणारा, तर 16 झाले! लोड टाकला की व्होल्टेज उतरतं असं आपण लहानपणापासून ऐकलं, इथे चढलं. माझा पोरगा म्हणे पप्पा मीटर खराब. मीटर बदलून पाहिला, तेच.

फिजिक्सवाली_जळगाव
चावीच्या स्विचमधून तो दिवा पण जातो आणि कटआऊटची वायर पण, बरोबर? मग सापडलं. तुमचा कटआऊट बॅटरीचं व्होल्टेज चावीच्या स्विचमधून बघतो. स्विच आतून खराब झाला की मध्येच व्होल्टभर गळतं. बॅटरीवर 15.6 असतात तेव्हा कटआऊटला दिसतात 14.4 आणि तो म्हणतो, बस, झालं बरोबर. दिवा लावला की त्याच स्विचमधून जास्त करंट, जास्त गळती, कटआऊटला वाटतं बॅटरी उतरली, म्हणून तो आणखी ढकलतो.
खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला आणि काळी कटआऊटच्या चावीवाल्या टर्मिनलला लावा. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढी चोरी. मग मायनसकडूनही तसंच, बॅटरीचा मायनस ते कटआऊटची बॉडी, अर्थ सुटला तरी हाच खेळ होतो.

चोपड्याचा_मिस्त्री
एवढं शिकवताय तर माझंही ऐका. आम्ही काय मूर्ख आहोत का? गिऱ्हाईक येतं, म्हणतं आजच पाहिजे, उद्या लग्नाची ट्रिप आहे. तीन तास मीटर लावून वायर शोधली आणि म्हटलं द्या पाचशे, तर म्हणतं काय केलं तू, नुसतं बघितलंच तर आहे. पार्ट बदलला की पैसे मुकाट देतं. मग आम्ही पार्टच बदलणार ना भो. धागेवाल्या भाऊने त्या तिघांपैकी कोणाला नुसतं शोधायचे पैसे देऊ केले होते का, हे आधी सांगावं.
आणि स्विच मी असतो तर मीटरचा बीप मारून (जोड तुटलाय का बघायला) चेक केला असता, पास झाला असता. खरं सांगतो.

मशीनबोट_धडगाव
नाही दिले. चूक कबूल.
मीटर लावला. प्लसकडून 1.2 व्होल्ट. मायनसकडे जेमतेम 0.05. आणि मिस्त्री भाऊ, बीप मलाही आला होता! 

फिजिक्सवाली_जळगाव
बीप येणारच. मीटर बीप करताना नावापुरता करंट सोडतो, पंधरा-वीस ओहमलाही बीप वाजतो. तुमच्या डायनमोची फील्ड (आतलं चुंबक बनवणारं वेटोळं, त्याचा करंटही चावीतूनच कटआऊटमार्गे जातो) तीन अँपियर ओढत असेल तर 1.2 व्होल्ट गळायला फक्त 0.4 ओहम पुरे. चालू इंजिनवर, लोडवर मोजल्याशिवाय असला दोष दिसत नाही.

चोपड्याचा_मिस्त्री
बरं मग सोपं आहे, चावी बाजूला ठेवा, बॅटरीवरून डायरेक्ट वायर ओढा कटआऊटला. नाहीतर फील्डच्या वायरीत एक बटन टाका, बॅटरी भरली की बंद. आमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरला चालतं.

निवृत्त_वायरमन_भुसावळ
डायरेक्ट वायर टाकली तर इंजिन बंद असतानाही फील्डला करंट जात राहील, सकाळी बॅटरी मेलेली आणि रोटर तापलेला. आणि बटन म्हणजे माणसाच्या भरवशावर, गर्दीत विसरला की गेलं. बघा, हेच जुगाड म्हणून मी म्हणतो नवीन टाका. बापू, तुझा एक स्विच सापडला, उद्या दुसरी कुठली थिंबल (वायरीच्या टोकाची टोपी) हिरवी पडेल. ती बोट आणली तेव्हापासूनचं वायरिंग आहे, पावसाळे किती खाल्ले त्याने?
आणि जळगाव-भुसावळच्या मुलखात मे महिन्यात पारा 45 वर जातो, तुमच्या डोंगराखाली पाण्याजवळ थोडं कमी असेल, पण इंजिनशेजारच्या पेटीत बॅटरी 50 ला बसलेली असणार. 25 डिग्रीला 14.4 ठीक, त्यापुढे 12 व्होल्टच्या बॅटरीला डिग्रीमागे साधारण 20-30 मिलिव्होल्ट कमी पाहिजेत. म्हणजे तुझी चोरी पकडली तरी उन्हाळ्यात 14.4 पण जास्तच. तुझा तो जुना कटआऊट बॅटरीचं तापमान ओळखत नाही, नव्यात बॅटरीला चिकटवायचा सेन्सर मिळतो.

मशीनबोट_धडगाव
आप्पा, तापमानाचं मान्य. बाकीचं नाही. नवा अल्टरनेटर टाकला आणि त्यालाही सेन्स (व्होल्टेज बघायची वायर) त्याच चावीतून दिला, तर? तोही 15.6 च मारणार. दोष जागेवर ठेवून पैसे घालायचे हे मला पटत नाही, आणि माझ्याकडे घालायला पैसे पण नाहीत, हे खरं कारण समजा हवं तर.
वायर मात्र रिलेने (थोड्या करंटने चालू होणारा वेगळा स्विच) ओढतो. चावीने फक्त रिले चालू करायचा, कटआऊटला करंट फ्यूज लावून थेट बॅटरीवरून रिलेतून. चावी बंद, सगळं बंद.

निवृत्त_वायरमन_भुसावळ
रिले चालेल. पण रिले बसेपर्यंत प्रवासी घेऊ नको. आणि कोणी सांगेल बॅटरीची दांडी चालू इंजिनवर काढून बघ चार्जिंग होतं का, ते अजिबात करू नको, व्होल्टेज उसळून डायोड आणि कटआऊट दोन्ही जातील, वरून त्या वासात ठिणगी. मधेच पाण्यात आकडा चढला तर कटआऊटची फील्डची वायर काढ. डिझेलला चालायला डायनमो लागत नाही. पट्टा तोडू नको, त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असतो बऱ्याच इंजिनांना.

केळीवाला_रावेर
बॅटरीवर तळातलं पाणी काढायचा पंप चालतो ना पण? फील्ड काढून किती वेळ चालेल.

निवृत्त_वायरमन_भुसावळ
भरलेली असेल तर काठाला पोचेपर्यंत सहज. पण बरोबर विचारलं, ह्याच्यासाठीच मी उकळलेल्या बॅटरीवर माणसं बसवायला नको म्हणतो.

चोपड्याचा_मिस्त्री
एक सांगू, पेट्रोलची बोट असती तर मी पण आप्पांच्या बाजूने. पेट्रोलची वाफ तळात साचते, तिथे गाडीचा साधा डायनमो चालत नाही, ठिणगी बाहेर न येणारा मरीनचाच लागतो. डिझेलला तेवढी भीती नाही.

मशीनबोट_धडगाव
चार दिवसांनी आलो, रेंज नव्हती. रिले बसवला, 4 स्क्वेअरची वायर, नव्या थिंबला, वर ग्रीस. पहाटे साडेपाचला, गार असताना: बॅटरीवर 14.4, दिवा लावून 14.4, रेस देऊन 14.4. जागचा हलत नाही. नाचलो अक्षरशः.
दुपारी दोनला परत तीच बॅटरी, पेटीत हात लावला तर चटका. 14.4 च होते, पण झाकणं उघडली तर बुडबुडे चालूच. पहिल्यासारखं उकळणं नाही, वास नाही, पण चालू.

निवृत्त_वायरमन_भुसावळ
सांगितलं होतं ना.

मशीनबोट_धडगाव
हो आप्पा, सांगितलं होतं. बॅटरीची पेटी इंजिनपासून मागे सरकवतो, वर दोन जाळ्या लावतो, आणि 13.9 ला सेट होणारा कटआऊट बघतो. डायनमो नाही बदलणार म्हणजे नाही.

चोपड्याचा_मिस्त्री
जुना स्विच फेकू नको. उघड आणि फोटो टाक.

मशीनबोट_धडगाव
उघडला. आत पितळी पत्तीवर मोरचुदासारखं निळसर-हिरवं साचलंय, टेकतं फक्त एका कोपऱ्यात, तिथे काळा डाग. फोटो काढलाय, धडगावला वर चढलो की टाकतो.