नऊ तास केबिनमध्ये पडूनही पहाटे पेंग येते. तुम्ही रात्रीची झोप कशी काढता?

लांबपल्ला

मंडळी, कंटेनर ओढायला लागून मला दीड वर्ष झालं. आधी शहरातल्या शहरात छोटी गाडी होती, रात्री घरचं अंथरूण ठरलेलं. आता आठवड्यातल्या पाच रात्री सीटमागच्या बर्थवर.

गेल्या मंगळवारी जे झालं ते अजून घरी सांगितलेलं नाही. संध्याकाळी साडेसातला गाडी लावली, पहाटे साडेचारला काढली. गाडीच्या वेळांची नोंद, म्हणजे लॉग, बघाल तर माझ्याइतका शहाणा ड्रायव्हर शोधून सापडणार नाही. सव्वापाचच्या सुमाराला डावी चाकं कडेच्या खडबडीत पट्टीवर चढली आणि त्या घरघराटाने मी भानावर आलो. जागा झालो असं म्हणवत नाही, कारण डोळे उघडेच होते. पण मागे एक पूल लागतो, लांबलचक, तो मी कधी ओलांडला ते आजही आठवत नाही. पुढे गाडी थांबवून उतरलो तर पायात बळ नव्हतं.

आता ते नऊ तास कसे गेले ते ऐका. नेहमीच्या ठिकाणी जागा नव्हती, पुढच्या ठिकाणीही नव्हती, म्हणून बाहेर पडायच्या वाटेलगत गाडी खुपसली. शेजारी थंड मालाची गाडी. तिचं यंत्र दर थोड्या वेळाने घुर्रर्र करून उठायचं, बंद व्हायचं, आणि डोळा लागला की पुन्हा उठायचं. साडेनऊला ऑफिसचा फोन, उद्या किती वाजता पोचतोस. साडेबाराला कुणीतरी दारावर थापा मारल्या, गाडी चार हात पुढे घे. दोनला लघवीला उतरलो तर स्वच्छतागृहाला कुलूप. त्यानंतर साडेचारचा गजर होईपर्यंत नुसता छताकडे बघत होतो.

तर तुम्ही लोक झोपता कसे? आणि मालकाला काय सांगायचं? नऊ तास दिले होते, हे तो दाखवणारच.

जाता जाता आणखी एक. मागे दोघं मिळून एक फेरी केली तेव्हा जोडीदार म्हणाला होता की तू घोरता घोरता मध्येच गप्प होतोस, मग मलाच उठून बघावं लागतं. आम्ही दोघं हसलो होतो. आठवलं म्हणून लिहिलं.

जुना_गिअर

अरे बाबा, वाचलास. आधी ते घरी सांग.

३१ वर्षं चालवली, आता गुडघ्यांनी रजा दिली. तुझं काय चुकलं सांगू? तू साडेसातपर्यंत जागा शोधत फिरलास. तोवर चांगल्या जागा संपलेल्या असतात. जागा शोधण्यात जो तास जातो तो झोपेतून जातो, आणि हाती येते ती कुणालाच नको असलेली जागा. मी सकाळी किल्ली फिरवायच्या आधी ठरवायचो, आज कुठे झोपायचं. आणि त्या जागेच्या अलीकडची एक जागा मनात ठेवायचो. पलीकडची नाही, अलीकडची. ‘अजून चाळीस किलोमीटर ओढू’ असं वाटायला लागलं की अलीकडच्या जागेत वळायचं. पलीकडची जागा हातात ठेवणारे ड्रायव्हरच मध्यरात्री रस्त्याच्या कडेला उभे दिसतात.

जागा निवडताना मी काय बघायचो? आत-बाहेरची वाट नको, रात्रभर दिवे तोंडावर येतात. रांगेचं टोक नको, वळणाऱ्या गाडीचं शेपूट तुझा आरसा घेऊन जातं. थंड मालाची गाडी कुठली ते आधी चालत जाऊन बघ. तिचं यंत्र बहुतेक ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला असतं, म्हणजे दोन गाड्या शेजारी लागल्या की नेमकं तुझ्या उशाशी. तुझी गाडी उलटी लावता आली तर अख्ख्या ट्रेलरचं अंतर मध्ये पडतं. मागची दारं शक्यतो भिंतीला लाव, मालाकडे कान लावून झोपावं लागत नाही. आणि जमिनीचा उतार बघ. डोक्याची बाजू खाली गेली की सकाळी डोकं दगड झालेलं असतं. आम्ही बर्थवर पाण्याची बाटली आडवी ठेवून बघायचो कुठे घरंगळते.

इंजिन चालू ठेवून झोपू नकोस. उभ्या मोठ्या गाडीचं इंजिन तासाला ढोबळमानाने तीन लिटर डिझेल पितं, ते मालकाचं दुखणं. तुझं दुखणं वेगळं. कुठे धुराची नळी फुटलेली असली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि तो माणसाला जागं करत नाही. बंद केबिनमध्ये ऊब म्हणून काहीही पेटवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आणि साडेचारला उठून साडेचारलाच गाडी काढलीस ना? उठल्यावर डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो. निदान अर्धा तास दे. खाली उतर, टायर ठोकून बघ, दोऱ्या बघ, तोंड धू. त्यातून दोन ते सहा ही वेळच वाईट, शरीराला तेव्हा झोपच हवी असते, तू कितीही झोपलेला अस. माझ्या हातात असतं तर तुला सहाच्या आधी निघूच दिलं नसतं.

ट्रिपा_लावणारा

काका म्हणतात ते खरं, पण सगळा भार ड्रायव्हरवर टाकू नका. मी ऑफिसात बसून गाड्या लावतो. साडेनऊचा तो फोन माझ्यासारख्याच कुणीतरी केलेला असणार. मीही वर्षानुवर्षं केले. गाडी कुठे आहे ते समोर पडद्यावर दिसत असतं, तरी फोन करायचो. सवय, दुसरं काय. आता गाडी उभी राहिली की तिच्या नावापुढे लाल खूण होते आणि दहा तास तिला कुणी फोन करायचा नाही, असं आमच्याकडे ठरलं आहे. हे ठरवून घ्यायला मला आमच्याच लोकांशी दोन महिने भांडावं लागलं.

मालकाशी बोलताना ‘मला झोप येते’ म्हणू नकोस, तो म्हणेल सगळ्यांनाच येते. नियम कशासाठी केलेत ते सांग. युरोपीय संघात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावं लागतं, दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा १०. रोजची विश्रांती ११ तासांची. ती ९ वर आणता येते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये जास्तीत जास्त तीनदा. म्हणजे तुझे ‘नऊ तास’ तिथे सवलतीत मोडतात, आणि आपल्याकडचे मालक तोच रोजचा हिशोब धरतात. अमेरिकेत सलग १० तास सुट्टी, मग १४ तासांच्या आत ११ तास चालवणं. भारतातही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. कागद कुठे कमी पडला नाही.

कमी पडते ती जागा. युरोपच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की ४५ तासांची साप्ताहिक सुट्टी केबिनमध्ये काढायची नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीने राहायच्या सोयीचा खर्च मालकावर टाकला. पण रोजची रात्र? ती केबिनमध्येच. अमेरिकेत २००९ साली जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर माल उतरवायच्या ठिकाणी वेळेआधी पोचला. तिथे थांबायची सोय नव्हती, म्हणून जवळच्या बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर गाडी लावून पडला. लुटारूने त्याला तिथे गोळी घातली. त्याच्या बायकोने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रकच्या सुरक्षित पार्किंगसाठी कायद्यात कलम आलं, त्याला ‘जेसनचा कायदा’च म्हणतात. मला यात एक गोष्ट सलते: त्याला आत घेऊन कोपऱ्यात उभं राहू दिलं असतं तर एवढं काही झालंच नसतं. मी आता माल पाठवायच्या आधी समोरच्याला विचारतो, गाडी रात्री आली तर फाटकाच्या आत उभी करू द्याल का? दहातले तीनच हो म्हणतात. त्या तिघांची यादी मी जपून ठेवली आहे.

स्टिअरिंगवाली

सगळं वाचलं. दोन वाजता कुलूप लागलेलं स्वच्छतागृह, यावर कुणी एक शब्द लिहिला नाही. काका, तुम्हाला रस्त्याची कड आहे. मला नाही.

मी संध्याकाळी चारनंतर पाणी पिणं सोडलं होतं. दोन वर्षांत तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, डॉक्टरांनी कारण विचारलं तर काय सांगणार? आता मी जागा निवडते ती आधी स्वच्छतागृहाजवळची, मग उजेडाची, मग शांततेची. त्यात शांतता बहुतेक वेळा हुकते. कानात बोळे घालावे तर दाराशी कुणी आलं ते कळत नाही, न घालावे तर झोप नाही. शेवटी दोन्ही दारांच्या आतल्या मुठी एका पट्ट्याने एकमेकींना घट्ट बांधते, म्हणजे बाहेरून दार उघडत नाही, आणि बोळे घालून झोपते. पट्टा एका झटक्यात सुटला पाहिजे एवढं बघायचं, आग लागली तर.

सोयी म्हणजे मोठमोठ्या इमारती नकोत. आतून लागणारी कडी, दिवा, पाणी, आणि चावी ज्याच्याकडे आहे तो माणूस रात्रभर जागा. बस.

पहाटेची_वाट

लांबपल्ला भाऊ, मी गाडी चालवत नाही, आमचे हे चालवतात. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत ना, घोरता घोरता गप्प होता म्हणून? बाकी सगळे जागेबद्दल बोलले. मला तेवढंच दिसलं.

आमच्याकडे हेच होतं. घरी, स्वतःच्या पलंगावर, आठ तास झोपूनही हे दुपारी जेवता जेवता पेंगायचे. मी म्हणायचे गाडीचा शीण आहे. रात्री घोरणं थांबायचं, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग बुडणारा माणूस वर यावा तसा मोठा श्वास. एकदा ह्यांनी उभ्या गाडीला मागून हलकी धडक दिली, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. एका रात्रीची तपासणी असते, बोटाला, छातीला, नाकाशी तारा लावून झोपायचं. झोपेत श्वास अडण्याच्या या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि तासाला ३० पेक्षा जास्त वेळा श्वास अडला तर तो तीव्र. ह्यांचा आकडा ४१ आला. म्हणजे दीड मिनिटाला एकदा शरीर दचकून उठत होतं, आणि ह्यांना वाटायचं मी आठ तास झोपलो.

आता नाकावर मास्क लावून हवेचं मशीन वापरतात. पहिला आठवडा चिडचिड केली, फेकून देतो म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी म्हणाले, ‘मला वाटायचं सगळ्यांनाच सकाळी असंच वाटतं.’ मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

जागा चांगली मिळवाच. पण तपासणी आधी करा. आणि ‘हातातली गाडी जाईल’ या भीतीने लपवू नका. आमच्या ह्यांना दोन महिने गाडी चालवायला मनाई होती, मग डॉक्टरांचं पत्र मिळालं आणि परत लागले.

जुना_गिअर

वहिनी, मी एकतीस वर्षं उतार बघायला बाटली घरंगळवत बसलो आणि हे माझ्या नजरेतून सुटलं. आमच्यातला एकजण असाच घोरायचा. त्याला आम्ही ‘एअर ब्रेक’ म्हणायचो. तो पहाटेच गेला, सरळ रस्त्यावर. आम्ही सगळे म्हणालो, नशीब.

लांबपल्ला

बारा दिवसांनी लिहितोय. घरी सांगितलं. बायको काही बोलली नाही, जोडीदाराला फोन लावून त्याच्याकडून सगळं पुन्हा ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेऊन आली. तपासणी झाली, आकडा २७. मध्यम म्हणाले, पण माझं काम बघता मशीन लावाच. तोवर मी चालवत नाहीये, गोदामात मालाची मोजणी करतोय.

मालकाकडे दोन गोष्टी मागितल्या. गाडी उभी असताना फोन नाही, हे लगेच मान्य. साडेपाचला गाडी लावू द्या, यावर ‘बघू’ म्हणाले. ट्रिपा लावणारे दादा, तुमचा युरोपचा हिशोब मी कागदावर काढून त्यांच्या टेबलावर ठेवून आलोय.

वहिनी, एक विचारायचं होतं. माझ्या गाडीची बॅटरी २४ व्होल्टची. मशीन रात्रभर चाललं तर सकाळी इंजिन उठेल ना?

पहाटेची_वाट

उठतं. मशीनच्याच कंपनीचा २४ व्होल्टवर चालणारा अडॅप्टर मागा, इन्व्हर्टरमधून फिरवून वीज वाया घालवू नका. आणि हवा ओलसर करायचं पाण्याचं भांडं असतं ते गाडीत बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज ते गरम करण्यात जाते. आमचे हे तरीही वेगळी छोटी बॅटरी ठेवतात, इंजिनच्या बॅटरीला हात लावत नाहीत. मास्कची पट्टी फार आवळू नका, नाकावर जखम होते. आणि मशीन बर्थच्या खाली ठेवा, उशाशी नको, गाडी हलली की पडतं. आमचं एकदा पडलंय.