वॉरेन बफेवर नेमकं काय वाचावं?

अनुजा_ठाणे
मंडळी, भाच्याने बारावी होताच डीमॅट खातं काढलंय आणि ‘बफेचे यशाचे मंत्र’ छाप काहीतरी विकत आणलंय. मी चाळलं. निव्वळ भिंतीवरचे सुविचार! त्याला या अमेरिकी गुंतवणूकदाराचं खरं चरित्र द्यायचंय, इंग्रजी चालेल. मला स्वतःला बाजारातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचेन म्हणते.

पानसुपारी
अ‍ॅलिस श्रोडरचं ‘द स्नोबॉल’ (२००८). आठशेच्या वर पानं आहेत, उशीला घेता येईल. पण बफेने तिला सांगूनच ठेवलं होतं की माझं म्हणणं आणि दुसऱ्याचं म्हणणं जुळलं नाही, तर मला कमीपणा आणणारंच छाप. म्हणून वाचावंसं वाटतं. अकरा वर्षांच्या वॉरेनने स्वतःला आणि बहिणीला सिटीज सर्व्हिसचे तीन-तीन शेअर घेतले, ३८ डॉलरने. भाव २७ वर आला. शाळेच्या वाटेवर बहीण रोज टोचायची. ४० होताच पोराने सुटकेचा श्वास टाकून विकले, आणि मग तो शेअर गेला २०२ वर! बायको त्याला सोडून दुसऱ्या शहरात राहायला गेली, तेही आहे. भाच्याला ते झेपेल का, तुम्ही ठरवा.

कट्टेकर७१
आठशे पानं बारावीच्या पोराला? रॉजर लोवेनस्टाईनचं १९९५ चं घ्या. नंतरची तीस वर्षं त्यात नाहीत, पण गोष्ट सुटसुटीत आहे.

साचेवाल्याचा_मुलगा
चरित्रं नंतर. बफेच्या कंपनीच्या, म्हणजे बर्कशायरच्या साइटवर १९७७ पासूनची भागधारकांना लिहिलेली पत्रं फुकट आहेत. १९८५ चं आधी काढा.
बर्कशायर मुळात कापडगिरणी. बफेकडे तिचे शेअर होते. १९६४ मध्ये ते परत घ्यायला गिरणीच्या प्रमुखाने तोंडी साडेअकरा डॉलर भाव कबूल केला आणि कागदावर साडेबारा सेंट कमी लिहिले. बफे इतका पेटला की गिरणीच ताब्यात घेतली. हे त्याने २०१४ च्या पत्रात स्वतःच सांगितलंय. तोट्यातलं ते लोढणं वीस वर्षं गळ्यात राहिलं. १९८५ ला बंद केली, तेव्हा १९८१ मध्ये पाच-पाच हजार डॉलरना घेतलेल्या मागांना पन्नासलाही गिऱ्हाईक नव्हतं. शेवटी भंगारात, नग २६ डॉलर. हलवायचा खर्चच त्याहून जास्त.
माझे वडील परळला साचेखात्यात होते, ८२ च्या संपापर्यंत. ही ओळ मी त्यांना मराठीत वाचून दाखवली. म्हणाले, “आणि साच्यावरची माणसं?” त्या माणसांबद्दलही पत्रात आहे, पण वडिलांचं समाधान झालं नाही.

पानसुपारी
+१. पत्रांचं विसरलोच होतो.

अनुजा_ठाणे
सगळ्यांचे आभार. ८५ चं पत्र काल त्याच्यासमोर उघडलं. अर्ध्यात थांबून विचारतो, “मावशी, २६ च्या पुढे शून्य छापायची राहिलीत का?”